डबीतलं यंत्र काय सिद्ध करतं?

कानाच्या मशीनविषयी आपल्या घराघरांत एक निकाल केव्हाच लागलेला आहे. मशीन आणलं, चार दिवस लावलं, नुसता कालवा ऐकू येतो म्हणून काढलं, आता ते डबीत पडून आहे. तेव्हा म्हाताऱ्या माणसांसाठी त्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही, असा तो निकाल. त्याच्या जोडीला दुसरं वाक्य ठरलेलं असतं: ‘ऐकू सगळं येतं त्यांना, लक्ष देत नाहीत.’ आणि तिसरं: ‘वय झालं, आता चालायचंच.’ ही वाक्यं वेगवेगळ्या तोंडून येतात, पण तिन्हींच्या पोटात समजूत एकच आहे. ऐकणं म्हणजे कानावर आवाज पडणं आणि बहिरेपण म्हणजे तो कमी पडणं. म्हणून आवाज वाढवूनही समजत नसेल, तर दोष एक तर यंत्राचा, नाही तर त्या माणसाच्या बुद्धीचा किंवा स्वभावाचा. ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यामुळे लाखो वृद्ध माणसं घरच्याच गप्पांमधून बाहेर पडतात. माझं म्हणणं असं की डबीत पडलेल्या यंत्रावरून यंत्र निरुपयोगी ठरत नाही. आपण उपचाराचा पहिला हप्ता दिला आणि उरलेले दिलेच नाहीत, एवढंच त्यावरून ठरतं.

आधी कानात काय होतं ते पाहू. उतारवयातलं बहिरेपण सगळ्या आवाजांना सारखं कमी करत नाही. आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीत, म्हणजे कर्णावर्तात, आवाज टिपणाऱ्या बारीक संवेदक पेशी असतात. नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीतले आवाज टिपतात, आणि वयाबरोबर सहसा याच पेशी आधी झिजतात. आता बोलण्याची घडण पाहा. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत आणि भरपूर जोरानं उमटतात, त्यामुळे ते शाबूत पोचतात. स, श, च, ट, थ यांसारखी व्यंजनं मात्र उंच पट्टीतल्या क्षीण आणि क्षणभर टिकणाऱ्या खुणांवरून ओळखू येतात. बोलण्याचा दणका स्वरांतून येतो, शब्दांमधला फरक मुख्यतः व्यंजनांतून. म्हणून कुणीतरी बोललं हे आजोबांना स्पष्ट कळतं, पण ते ‘ताट’ म्हणालं की ‘पाट’ की ‘खाट’, हे कळत नाही. ‘ऐकू येतं पण समजत नाही’ ही तक्रार अगदी नेमकी आहे. ती आपण सबब म्हणून ऐकतो, एवढाच घोटाळा. आणखी एक तक्रार अशीच बदनाम झाली आहे: आधी ‘जरा मोठ्यानं बोल’ आणि लगेच ‘ओरडतोस कशाला’. संवेदक पेशी झिजल्या की हळू आवाज ऐकू येत नाहीत, पण मोठे आवाज पूर्वीइतकेच, किंबहुना अधिक टोचतात. कानाला सोसेल असा मधला पट्टा अरुंद होतो. त्यातून ओरडण्यानं स्वर फुगतात आणि व्यंजनं दबलेलीच राहतात. म्हणजे ती दोन्ही वाक्यं खरी असतात, आणि त्यांत विसंगतीही नसते.

गोष्ट कानापाशी संपत नाही. डच शास्त्रज्ञ राइनियर प्लॉम्प यांनी 1978 मध्ये बहिरेपणाचे दोन घटक वेगळे करून मांडले. पहिला, आवाज क्षीण होणं. दुसरा, आवाज पोचला तरी त्याची घडी विस्कटलेली असणं. आवाज वाढवला की पहिला घटक भरून निघतो, दुसरा निघत नाही, आणि गोंगाटात त्रास होतो तो मुख्यतः दुसऱ्याचा. पुढे 2009 मध्ये अमेरिकेतल्या शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर दाखवून दिलं की मोठ्या आवाजाच्या माऱ्यानंतर संवेदक पेशी टिकल्या आणि ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, तरी त्या पेशी आणि श्रवणतंतू यांच्यातले सांधे कायमचे गळालेले असू शकतात. माणसांत याचा वाटा नेमका किती, यावर वाद चालू आहे. पण शांत खोलीतल्या तपासणीत न दिसणारा बिघाड असू शकतो, हे त्यातून पुढे आलं. त्याच्याही पलीकडे मेंदूचं काम आहे. कानाकडून आलेल्या प्रवाहातले सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजावे लागतील असे फरक टिपायचे, अनेक आवाजांतून एकाचा धागा धरून ठेवायचा, निसटलेला शब्द संदर्भावरून भरायचा. कॉलिन चेरी यांनी 1953 मध्ये ज्या कौशल्याचा प्रयोगांनी अभ्यास सुरू केला ते हेच: माणसांच्या गर्दीत एकाचंच बोलणं वेचून ऐकणं. वयाबरोबर ही प्रक्रिया मंदावते. म्हणून ऑडिओग्रामवरच्या, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखावरच्या, रेषा तंतोतंत सारख्या असलेल्या दोन माणसांपैकी एकाला लग्नाच्या हॉलमध्ये बोलणं कळतं आणि दुसऱ्याला कळत नाही. म्हणूनच तेच आजोबा दुपारी शांत घरात, समोर बसलेल्या आजींशी, रोजच्या विषयावर नीट बोलतात, आणि संध्याकाळी पंखा, टीव्ही, कुकरची शिट्टी आणि फरशीवर घुमणारे चौघांचे आवाज एकत्र आले की गप्प होतात. ‘हवं तेवढं बरोबर ऐकू येतं’ हा टोमणा या फरकातून जन्मतो. दुपारी अंदाजाला भरपूर आधार होते, संध्याकाळी एकही उरला नाही, हे कुणी लक्षात घेत नाही.

इथे विरोधक म्हणेल, मग तुम्ही आमचंच म्हणणं मान्य केलंत. दोष मेंदूच्या प्रक्रियेत असेल, तर कानात अडकवलेलं यंत्र काय करणार? आक्षेप वजनदार आहे, पण त्यात एक पायरी गाळलेली आहे. मेंदूला जे पोचलेलंच नाही त्यावर तो प्रक्रिया करू शकत नाही. उंच पट्टीतल्या खुणा नसतील तर त्याला अंदाजावरच काम भागवावं लागतं, त्या अंदाजातच त्याची शक्ती खर्च होते, आणि मग आधीचं वाक्य लक्षात ठेवायला काही उरत नाही. यंत्र दुसरा घटक दुरुस्त करत नाही, पण पहिला दुरुस्त करून दुसऱ्यावरचा भार कमी करतं. याला पुरावा आहे. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रन संस्थेच्या 2017 च्या आढाव्यात सौम्य ते मध्यम बहिरेपणाच्या प्रौढांवरच्या, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या पाच चाचण्या आणि 825 माणसं विचारात घेतली होती. ऐकण्याची क्षमता आणि श्रवणाशी निगडित जीवनमान, दोन्ही यंत्रानं सुधारतात, असा त्याचा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी इंडियाना विद्यापीठातल्या लॅरी ह्यूम्स आणि सहकाऱ्यांनी याहून कडक परीक्षा घेतली. 55 ते 79 वयाच्या 154 लोकांचे तीन गट केले. एका गटाला ऑडिओलॉजिस्टनं, म्हणजे श्रवणतज्ज्ञानं, मोजमाप घेऊन, बसवून, समजावून यंत्र दिलं. दुसऱ्यानं तेच यंत्र आधीच ठरवलेल्या पर्यायांतून स्वतः निवडलं. तिसऱ्याला दिसायला तसंच, पण आवाज न वाढवणारं यंत्र मिळालं. पहिल्या दोन्ही गटांना खोट्या यंत्रापेक्षा स्पष्ट जास्त फायदा झाला. म्हणजे लाभ मनाचा खेळ नव्हता. आणि चाचणी संपल्यावर यंत्र विकत घेऊन ठेवायची तयारी ऑडिओलॉजिस्टच्या गटात 81 टक्के लोकांनी दाखवली, स्वतः निवडणाऱ्यांत 55 टक्क्यांनी. यंत्र एकच होतं. फरक होता तो सोबत मिळालेल्या सेवेचा.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे: शास्त्र काही म्हणो, बहुतेकांची यंत्रं पडून असतात. ‘बहुतेकांची’ हा शब्द इथे टिकत नाही. वेल्समध्ये, जिथे सरकारी आरोग्यसेवा यंत्र फुकट देते, लोकसंख्येच्या मोठ्या पाहणीतून यंत्र अजिबात न वापरणाऱ्यांचं प्रमाण सुमारे पाचवा हिस्सा निघालं. हा आकडा क्षुल्लक नाही, पण पाचातले चार जण कमीअधिक का होईना वापरतात, हेही तोच सांगतो. फुकट मिळालेलंही काही जण वापरत नाहीत, यावरून अडचण केवळ किमतीची नाही हेही कळतं. मग यंत्र डबीत का जातं? कारणं सांगता येण्यासारखी आणि बरीचशी दूर करता येण्यासारखी आहेत. कानाचा साचा नीट बसत नाही आणि शिट्टी वाजत राहते. कानात मळ साचलेला असतो. थरथरत्या बोटांना बारीक सेल बदलता येत नाही. आणि एक मोठं कारण म्हणजे यंत्राचा आवाज त्या कानाप्रमाणे लावलेला नसतो. कानाच्या पडद्याजवळ बारीक नळी सरकवून यंत्र तिथे प्रत्यक्ष किती आवाज पोचवतं हे मोजण्याची पद्धत जुनी आणि सर्वमान्य आहे. तरी अनेक ठिकाणी संगणकाच्या अंदाजावर यंत्र बसवून माणसाला घरी धाडतात. शिवाय कित्येक वर्षं पंखा, भांडी, पावलांचा आवाज, कागदाची खसखस न ऐकलेल्या मेंदूला हे सगळं एकदम मिळालं की तो गोंधळतो. सुरुवातीचा हा कालवा अपेक्षित असतो. आवाज हळूहळू वाढवत नेणं, पुन्हा बोलावणं, तक्रार ऐकून बदल करणं हा उपचाराचाच भाग आहे. चष्म्याचा दाखला इथे सगळ्यांना फसवतो. चष्मा डोळ्याच्या आतला पडदा शाबूत असताना त्यावर पडणारं चित्र रेखीव करतो, म्हणून लावल्या क्षणी दिसू लागतं. कानाच्या बाबतीत झिजलेली असते ती टिपणारी पेशीच. चष्म्याची अपेक्षा ठेवून यंत्र लावणाऱ्याची निराशा दुकानातून बाहेर पडतानाच ठरलेली असते.

याच निराशेवर दुसऱ्या बाजूचा व्यापार चालतो. स्वस्त यंत्र चाललं नाही, तर लाखाचं घ्या. त्यातली बुद्धिमान प्रणाली गोंगाट पुसून टाकेल, असं सांगितलं जातं. या दाव्यालाही तितक्याच ठामपणे नकार द्यायला हवा. यंत्रातली गोंगाट कमी करणारी प्रणाली ऐकण्याचा शीण कमी करू शकते, पण तिच्यामुळे गोंगाटातले अधिक शब्द कळतात असं सर्वसाधारणपणे आढळलेलं नाही. नको असलेला आवाजही माणसांच्या बोलण्याचाच असेल, तर यंत्रानं कुठलं बोलणं पुसायचं? दिशा धरणारे मायक्रोफोन समोरच्याचं बोलणं थोडं वर आणतात, पण खोली घुमत असेल आणि बोलणारा लांब असेल तर त्यांचाही उपयोग घटतो. गोंगाटात खरोखर मोठा फरक पडतो तो बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ छोटा मायक्रोफोन लावून त्याचा आवाज थेट यंत्रात सोडल्यानं, कारण अंतर आणि घुमणं दोन्ही टळतं. महागड्या यंत्राची जाहिरात जितकी होते त्याच्या शतांशही या साध्या उपायाची होत नाही. संगणकावरच्या श्रवण-सरावाचा दावाही असाच टिकत नाही. मेंदूला सराव दिला की प्रक्रिया सुधारेल हे ऐकायला पटतं, पण 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 279 माजी सैनिकांवरच्या चाचणीत, नीट बसवलेल्या यंत्राला अशा सरावाची जोड देऊन जास्तीचा फायदा दिसला नाही. तेव्हा ‘यंत्र निरुपयोगी’ म्हणणारा आणि ‘यंत्र सगळं करील’ म्हणणारा, दोघंही एकाच चुकीचे धनी आहेत. दोघंही सगळा भार वस्तूवर टाकतात.

तिसरा आक्षेप सगळ्यात हळुवार भाषेत येतो आणि सगळ्यात जास्त नुकसान करतो: वय झालं, डोकंही आता पूर्वीसारखं चालत नाही, कशाला त्रास द्यायचा? इथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. ज्याला प्रश्नच नीट ऐकू आला नाही त्याचं उत्तर चुकणारच, आणि स्मरणशक्तीच्या बऱ्याचशा चाचण्या तोंडी असतात. म्हणून श्रवण न तपासता कुणाला विसराळू ठरवणं हा अन्याय आहे. उलट बाजूनं, बहिरेपण आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध सज्जड अभ्यासांत दिसला आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं 2024 च्या अहवालात स्मृतिभ्रंशाच्या धोक्याचे बदलता येण्याजोगे 14 घटक मांडले, त्यांत बहिरेपण आहे. पण याची भीती घालून यंत्रं विकायलाही हा पुरावा पुरत नाही. अमेरिकेत 70 ते 84 वयाच्या 977 लोकांवर झालेल्या ‘अचीव्ह’ चाचणीत, जिचे निष्कर्ष 2023 मध्ये आले, तीन वर्षांच्या श्रवण-उपचारानं एकूण गटात बौद्धिक ऱ्हास लक्षणीय मंदावला नाही. ज्यांचा धोका आधीच जास्त होता त्या उपगटात मात्र तो 48 टक्क्यांनी कमी झाला. यातून आश्वासन देता येत नाही, पण ‘या वयात काय उपयोग’ म्हणण्याची सोयही उरत नाही. शिवाय स्मृती वाचो न वाचो, नातवाचं बोलणं समजणं, डॉक्टरनं सांगितलेली गोळी नीट कळणं, बँकेत कुणाला मध्यस्थ न करता आपला व्यवहार आपण करणं, ही स्वतःच पुरेशी कारणं आहेत. सत्तराव्या वर्षी मोतीबिंदू काढताना आपण ‘आता काय पाहायचं राहिलं’ असं विचारत नाही.

उरतो पैशाचा आक्षेप, आणि तो गरीब माणसाच्या तोंडी असेल तेव्हा पूर्ण खरा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ज्यांना यंत्राचा उपयोग होईल त्यांपैकी जेमतेम 17 टक्के ते वापरतात. पण आपल्याकडे सरकार काहीच देत नाही असं नाही. देतं ते वस्तूच्याच समजुतीनं देतं. 2017 पासूनची राष्ट्रीय वयोश्री योजना शिबिरांतून यंत्रं वाटते. महाराष्ट्रानं 2024 मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तीत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असलेल्या 65 वर्षांवरच्या माणसाच्या खात्यात एकदाच 3000 रुपये येतात, आणि चष्मा, काठी, कमरेचा पट्टा यांच्याच यादीत श्रवणयंत्र आहे. हेतू चांगला आहे. पण काठी हातात दिली की काम सुरू होतं, यंत्राचं काम हातात दिल्यावर सुरू व्हायचं असतं. त्या 3000 रुपयांत तपासणी, मोजून बसवणं, महिन्याभरानं पुन्हा पाहणं यांतलं काहीच येत नाही. मग माणूस बाजारातून नुसता आवाज वाढवणारं काहीतरी घेतो, ते स्वरांचाही दणका वाढवतं, आणि आठवड्यात डबीत जातं. कायद्याची मोजपट्टीही तशीच आहे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत 60 डेसिबल किंवा त्याहून जास्त श्रवणहानी असलेल्यालाच श्रवणदोषाचा दिव्यांग मानतो. 50 डेसिबलवाला, किंवा शांतपणी ठीक आणि गोंगाटात पूर्ण हरवणारा माणूस, या मोजपट्टीला दिसतच नाही.

ऑडिओलॉजिस्ट आहेत कुठे, असं यावर विचारलं जाईल. ते पुरेसे नाहीत, तालुक्याच्या ठिकाणी तर फारच कमी. पण म्हणून नुसती वस्तू वाटत राहणं हा त्यावरचा तोडगा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2024 मध्ये नेमकं याच परिस्थितीतल्या देशांसाठी मार्गदर्शन काढलं: तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, प्रशिक्षण दिलेल्या इतर कर्मचाऱ्यांकडून तपासणी, यंत्र बसवणं आणि पाठपुरावा करून घ्यावा. मुंबईत वांद्र्याला 1983 पासून वाचा-श्रवण दिव्यांगांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, वैद्यकीय महाविद्यालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत, गावोगाव आरोग्यसेविका आहेत. या साखळीला काम द्यायचं आहे. वयोश्रीच्या रकमेला निदान तीन भेटी जोडल्या पाहिजेत: एक मोजून बसवण्याची, दोन पाठपुराव्याच्या. तपासणीत शांत खोलीतल्या शिट्ट्यांबरोबर गोंगाटातले आकडे किंवा शब्द ओळखण्याची मराठी चाचणी असली पाहिजे, कारण तक्रार गोंगाटातली आहे. आणि यंत्र वाटल्याची संख्या मोजण्याऐवजी सहा महिन्यांनी किती जण ते लावतात, हे मोजलं पाहिजे.

राहिलेला हप्ता घराचा आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. समोर येऊन, तोंड दिसेल असं बोलायचं. ओरडायचं नाही, वेग कमी करायचा. टीव्ही बंद करून विषय काढायचा. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न फेकता वेगळ्या शब्दांत सांगायचं. आणि ‘काही नाही, जाऊ दे’ हे उत्तर कायमचं सोडून द्यायचं. मंदावलेल्या प्रक्रियेला वेळ आणि आधार लागतो, आणि तो देण्याची जबाबदारी ज्यांची प्रक्रिया अजून चपळ आहे त्यांची. यंत्र, ते बसवणारा माणूस आणि बोलणारी माणसं या तिघांनी आपापलं काम केल्यावरही एखाद्याला उपयोग झाला नाही, तर ‘मशीनचा उपयोग नाही’ हा निकाल मी मान्य करीन. बहुतेक घरांत आणि या सरकारी योजनांत तिघांपैकी एकालाच कामाला लावलं गेलं आहे. तोवर त्या निकालाला आधार नाही, आणि त्याच्या आडून कुणालाही ऐकण्यापासून वंचित ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही.